अप्पर, डिपर आणि आईची उंची

बाबांची मोटारसायकल २०१० सालची. साडेतीनशे सीसीची, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, ऐसपैस सीटची. वजन एवढं की ती वळवून उभी करायला लागलं की शेजारचे काका आपणहून हात लावायला येतात. आई तिला 'म्हैस' म्हणते. याच म्हशीवर बाबा बेळगावहून हंपीला गेले, गोकर्णला गेले, पंढरपूरला तर किती वेळा गेले ते त्यांनाही आठवत नाही. गेली तीन वर्षं ती माझ्याकडे आहे. मी पणजीला नोकरी करते आणि दर शुक्रवारी संध्याकाळी चोर्ला घाटातून बेळगावला येते.

हा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा असेल. डिचोली, साखळी, केरी, मग घाट. वर आल्यावर कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव. डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेपाचला ऑफिस सुटलं तर साखळी येईपर्यंतच अंधार पडतो. पुढचा सगळा जंगलाचा रस्ता. रस्त्यावर दिवे नाहीत, कडेचा पांढरा पट्टा कुठे आहे तर कुठे पुसलेला, आणि गवे कधीही रस्त्यात येतात. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. अंगाने काळाकभिन्न, त्यामुळे अंधारात तो अंधाराचाच भाग होऊन उभा असतो.

घाट चढण्याआधी केरीतून आईला फोन करायचा आणि जांबोटीत पोचल्यावर दुसरा, असा आमच्या घरचा नियम आहे. मधल्या वेळात रेंज नसते. तो दुसरा फोन येईपर्यंत आई जेवायला बसत नाही, हे मला बाबांकडून कळलं. तिने स्वतः कधी सांगितलं नाही.

आणि या सगळ्या प्रवासाला गाडीचा उजेड होता कंदिलासारखा. पिवळा, मंद, समोर पंचवीस-तीस मीटरपर्यंत काय ते दिसायचं. साधा हिशेब सांगते. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय आणि हात पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यातच २५ मीटर जातात. त्यापुढे ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी अठ्ठावीसएक मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरच्या वर. ३० मीटर दिसत असताना ६० ने जाणं म्हणजे डोळे मिटून जाण्यातलाच प्रकार. मी ३५-४० च्या वर जात नसे. पण मागून ट्रक येऊन चिकटला की तेवढा वेग ठेवणंही कठीण होई.

तेव्हा हेडलाइटचं काहीतरी करायचं हे ठरलं. काय करायचं यावर मात्र घरात दोन पक्ष पडले.

माझा धाकटा चुलतभाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाइल काढून लगेच एक एलईडी बल्ब दाखवला. "ताई, हा टाक गं. दिवस उजाडल्यासारखं होतंय बघ. जुना काढायचा, हा बसवायचा, दहा मिनिटांचं काम."

बाबा ऐकत होते. त्यांनी विचारलं, "उजेड येईल रे, खरं समोरच्याचं काय?"

बाबांच्या या प्रश्नाला मागचा संदर्भ आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं व्हायचंय. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं आणि बाहेरून येणारा प्रकाश सरळ आत जाण्याऐवजी आतल्या आत विखुरतो. त्यामुळे दिव्याभोवती मोठं वलय दिसतं आणि त्या वलयामागचं काहीच दिसत नाही. शिवाय वय वाढलं की तीव्र उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा सावरायला जास्त वेळ लागतो. ऑपरेशनच्या आधी एका संध्याकाळी ते खानापूरहून स्कूटरवरून परत येत होते. समोरून एक मोटारसायकल आली, पांढराशुभ्र दिवा लावलेली. बाबांच्या डोळ्यांसमोरून रस्ताच नाहीसा झाला. स्कूटर तशीच अंदाजाने कडेला घेतली, उतरले आणि पाच मिनिटं नुसते उभे राहिले. घरी आल्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हशीची किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी अंधार पडल्यावर गाडी काढलेली नाही.

त्यामुळे आमच्यापुढचा प्रश्न नुसता उजेड वाढवण्याचा नव्हता. मला दिसलं पाहिजे आणि समोरून येणाऱ्या कुणा बाबांना माझ्यामुळे खाली उतरावं लागू नये, या दोन्ही गोष्टी एकाच दिव्यातून साधायच्या होत्या.

गंमत म्हणजे आपला कायदाही हेच म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम गाडीच्या दिव्याबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या अंगाला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर एखाद्याचा डोळा असेल, तर त्या डोळ्याला दिव्याने दिपवता कामा नये, असा त्याचा आशय. मला हे वाचून फार बरं वाटलं. इतक्या कोरड्या भाषेतल्या नियमातसुद्धा रस्त्यावर समोर एक माणूस उभा आहे आणि त्याचा डोळा कुठे आहे ते मोजून सांगितलंय.

शहापुरात आमच्या ओळखीचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. बाबांच्याच वयाचे. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बल्बला हातही लावला नाही. म्हणाले, "बल्ब उपाशी हाय का ते आधी बघूया की. उपाशी माणसाला नवा सदरा घालून काय उपयोग?"

त्यांनी मीटर काढला. इंजिन जरा रेस केलं, डिपर लावला आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं. १३.७ आलं. मग बल्बच्या मागच्या होल्डरमध्ये मोजलं. तिथे १२.१. मधला दीड व्होल्टपेक्षा जास्त ऐवज कुठे गेला? तर वायरिंगमध्ये. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघतो, किल्लीच्या स्विचमधून जातो, हँडलवरच्या स्विचमधून जातो, मग अप्पर-डिपरच्या स्विचमधून जातो आणि तेव्हा कुठे बल्बपर्यंत पोचतो. वाटेतला प्रत्येक कपलर, प्रत्येक गंजका जोड थोडं थोडं खातो. परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंगची वायर, तीही खाते.

दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आमच्या हिशेबाने म्हशीचा एक तृतीयांश उजेड दिव्यापर्यंत पोचतच नव्हता. चुलतभाऊ तिथेच होता. त्याने मोबाइलवर गणित करून पाहिलं आणि गप्प राहिला.

यावरचा उपाय म्हणजे रिले. घरातल्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. आपण दाबतो ते बटण छोटं असतं; मोटारीचा सगळा करंट त्या बटणातून जात नाही. बटण फक्त हुकूम देतं आणि आतला मोठा संपर्क जोडला जातो. रिले हेच काम करतो. हँडलवरचा स्विच फक्त रिलेला हुकूम देतो आणि बल्बचा करंट बॅटरीतून जाड वायरीने थेट बल्बकडे जातो. काकांनी दोन रिले बसवले, एक अप्परसाठी, एक डिपरसाठी. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहावा, घाटाच्या वळणावर एकदम काळोख होऊ नये, म्हणून. बॅटरीजवळच फ्यूज टाकला, कारण ही जाड वायर कुठे घासून चॅसीला लागली तर आग लागायला वेळ लागत नाही. बल्बचा जुना प्लास्टिकचा होल्डर उष्णतेने तपकिरी पडला होता, त्याजागी चिनी मातीचा घातला. अर्थिंगची नवी वायर सरळ बॅटरीपर्यंत नेली. पुन्हा मोजलं तर बल्बपाशी १३.४.

बल्ब अजून जुनाच होता. तरीही दुकानासमोरच्या भिंतीवरचा उजेड पिवळटाचा पांढरट झाला होता.

दुसरं काम डूमचं. हेडलाइटच्या आतल्या चकचकीत वाटीला आणि काचेला मिळून आपल्याकडे मेकॅनिक डूम म्हणतात. म्हशीच्या डूमची चकाकी वर्षानुवर्षांच्या धुराने आणि ओलाव्याने काळवंडली होती. ती पुसायला गेलं तर मुलामाच निघून येतो. म्हणून नवीन डूम घेतला. घेताना काकांनी एक गोष्ट बजावली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या डूमची काच डिपरचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढवते आणि उजवीकडे, समोरच्याच्या बाजूला, खाली ठेवते. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला डूम बसवला तर नेमकं उलटं होतं. उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

आता बल्ब. चुलतभावाचा एलईडी पुन्हा चर्चेला आला, तेव्हा काकांनी म्हशीचा जुना बल्ब काढून त्याच्या हातावर ठेवला. एच-फोर नावाचा हा बल्ब, अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. काचेत दोन बारीक तारा. त्यातली डिपरची तार नीट बघितली तर तिच्याखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी दिसते. ती वाटी या तारेचा खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे डिपरचा उजेड डूमच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली, रस्त्यावर येतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते या नखाएवढ्या पत्र्यामुळे. डूमची वाटी घडवलीय ती बरोबर त्याच जागी तार आहे असं धरून. स्वस्तातल्या एलईडी बल्बमध्ये उजेडाचे ठिपके त्या जागेपासून जरा जरी सरकलेले असले, आकाराने मोठे असले, की डूमचं गणित बिघडतं आणि उजेड चौफेर उधळतो. चालवणाऱ्याला पुढची दहा-पंधरा मीटर जागा लख्ख दिसते म्हणून तो खूश; पण लांबचं फारसं दिसत नाही, आणि जवळच्या झगझगाटाला सरावलेल्या डोळ्यांना लांबचा अंधार आणखी गडद वाटतो.

एलईडी वाईट असतो असं मुळीच नाही. आजकालच्या गाड्यांचे हेडलाइट मुळातच एलईडीसाठी बनवलेले असतात आणि ते उत्तम असतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या डूममध्ये कुठलाही एलईडी खुपसण्याबद्दल मी बोलतेय. १००/९० वॅटचा हॅलोजनही मिळतो. पण तो जास्त तापतो, होल्डर आणि डूम भाजतो आणि जुन्या गाडीचं चार्जिंग तेवढा भार पेलेलच असं नाही. आम्ही पुन्हा ६०/५५ चाच घेतला, पण चांगल्या प्रतीचा आणि नवा.

सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत आला.

पण खरं काम अजून बाकी होतं, आणि ते फुकटचं होतं. दिव्याचं तोंड कुठे आहे ते बघायचं. रात्री जेवणं झाल्यावर आमच्या गल्लीत, बंद गोदामाच्या भिंतीसमोर गाडी उभी केली. टायरमधली हवा आधीच तपासली होती. भिंतीपासून ८ मीटर अंतर टेपने मोजलं. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तिच्याखाली ८ सेंटिमीटरवर दुसरी. म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर उतार. मी नेहमीसारखी गाडीवर बसले, डिपर लावला. उजेडाची वरची कड जिथे संपते ती खालच्या रेघेवर येईपर्यंत बाबांनी स्क्रू फिरवला.

मग चुलतभावाला मागे बसवलं. मागचा भाग तीनएक सेंटिमीटर दबला आणि भिंतीवरची उजेडाची कड जवळजवळ वीतभर वर सरकली. आठ मीटरवर वीतभर म्हणजे पन्नास मीटरवर मीटरभर. आपण मागे कुणाला बसवून किंवा दोन्ही बाजूंना बॅगा लादून निघतो तेव्हा डिपर लावूनही समोरचे लोक अप्पर मारून आपल्याला शिव्या देतात, त्याचं कारण हेच. आता मागे वजन असलं की मी निघण्यापूर्वी पान्याने मागच्या शॉकअपचं सेटिंग दोन घरं कडक करते. पाच मिनिटं लागतात.

एवढं झाल्यावर मला तो नियम आठवला. दीड मीटर उंचीवरचा डोळा. आई दारात उभी राहून आमचा खेळ बघत होती. तिची उंची पाच फूट दोन इंच. टेप घेऊन तिच्या डोळ्यांपर्यंत मोजलं तर एक मीटर सेहेचाळीस. चपला घातल्यावर दीड मीटरला फारसं काही कमी नव्हतंच. तिला गाडीपुढे आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे उभं केलं.

"काय दिसतं गं?"

"दिवा दिसतो."

"डोळ्यांवर येतो का?"

"नाही. तू पण दिसतेस की. पट्टा लाव हेल्मेटचा."

मग बाबा तिथे जाऊन उभे राहिले. ते जरा उंच. ऑपरेशन झालेला डावा डोळा हाताने झाकून नुसत्या उजव्या डोळ्याने त्यांनी दिव्याकडे पाहिलं. मी अप्पर लावला तसे ते झटकन तोंड फिरवून बाजूला झाले. पुन्हा डिपर केला. ते परत जागेवर आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याच्यासमोरून मी स्कूटर नेली असती."

त्यानंतरच्या शुक्रवारी घाटात फरक कळला. डोळे दिपवणारं काही नव्हतं. पण डाव्या कडेचा पट्टा आता वळणाच्या तोंडापर्यंत दिसत होता, खड्ड्याची कड आधी कळत होती. कणकुंबीच्या अलीकडे समोर जमिनीलगत पांढरं काहीतरी हललं. मी वेग कमी केला. गवा होता. गव्याचं अंग काळं असलं तरी त्याचे पाय गुडघ्यांखाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे. डिपरचा उजेड खालीच पडतो, त्यामुळे आधी ते चार मोजे दिसले आणि मग वरचा डोंगर. मी बरीच अलीकडे थांबले. हॉर्न वाजवला नाही, अप्पर मारला नाही. तो सावकाश पलीकडे गेला आणि त्याच्यामागून आणखी दोन गेले.

दिवा सुधारला म्हणून सगळं सुधारलं असं मात्र नाही. पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं उतरतं तेव्हा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्यातले थेंब तोच उजेड आपल्याकडे परत फेकतात. तिथे डिपर आणि कमी वेग याला पर्याय नाही. जास्त दिसायला लागलं की हात आपोआप वेग वाढवतो आणि मिळालेलं सगळं अंतर पुन्हा घालवून बसतो. ६० चा हिशेब मी वर मांडलाय. ४० ला त्याच ओल्या रस्त्यावर गाडी तीसएक मीटरमध्ये थांबते. नवा दिवा लावूनही मी घाटात पन्नासच्या पुढे जात नाही.

मंडळातल्या आपल्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरी बाबांची, मामांची, आजोबांची एखादी जुनी गाडी असेल आणि तिला नवे दिवे बसवायचं मनात असेल. आधी मीटर लावून बल्ब उपाशी आहे का बघा. डूम बघा. दिव्याचं तोंड बघा. मग आठ मीटर मोजून घरातल्या कुणालातरी समोर उभं करा आणि आपण नाही, त्यांना विचारा. चुलतभावाने परवा स्वतःच्या गाडीसाठी तेच केलं. समोर त्याची आजी होती आणि तिने तीन वेळा नापास केला.

आई अजूनही जांबोटीच्या फोनची वाट बघते. पण हल्ली तोपर्यंत तिचं जेवण झालेलं असतं, असं बाबा सांगतात. पुढच्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते झालं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, की म्हशीची किल्ली परत मागणार असल्याचं त्यांनी आत्ताच जाहीर करून ठेवलंय.